विंपनीच्या वहीतलं नेढं

सहा महिन्यांपूर्वीपर्यंत जाई वर्गात तोंड उघडायची ते फक्त जांभई द्यायला. आता ते बंद कसं करायचं, याचा विचार शाळेत आणि सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या अकराव्या मजल्यावरच्या घरात एकाच वेळी चालू होता. मधे फार काही घडलं नव्हतं. असेंब्लीत बोलणाऱ्या मुलीचा ऐन वेळी घसा बसला, बाईंनी समोर दिसेल तिला स्टेजवर ढकललं, आणि समोर जाई होती. तीन मिनिटं पाय लटपटले. चौथ्या मिनिटाला अख्खा हॉल हसला, तिला नाही, तिच्या विनोदाला. झालं! वाघिणीला रक्ताची चटक लागावी तशी जाईला माइकची लागली.

त्यामुळे बुकित तिमाह रोडवरच्या एका जुन्या बंगल्यातल्या छोट्या गॅलरीने शाळेकडे ‘स्टुडंट गाइड’ मागितले, तेव्हा पहिला हात जाईचा होता. दुसराही तिचाच होता, कारण तिने दोन्ही वर केले होते.

प्रदर्शन होतं ऑगस्टस विंपनी नावाच्या इंग्रज चित्रकाराच्या पेन्सिल-चित्रांचं. हे गृहस्थ अठराशे पन्नासच्या आसपास मुंबईला उतरले, पुण्याला जाऊन आले, मग आगबोटीने मद्रास करत सिंगापूरला पोचले. वाटेत दिसेल तो डोंगर वहीत उतरवायचा आणि घरी गेल्यावर निवांत तैलचित्र करायचं, ही त्यांची पद्धत. प्रवासात रंग कोण काढत बसणार? म्हणून पेन्सिलीनेच चित्रभर बारीक सूचना लिहिलेल्या: ‘इथे जांभळा’, ‘इथे लाल माती’, ‘इथे बकरी’. बकरीवर विंपनीसाहेबांचा फार जीव. ज्या डोंगराखाली बकरी नाही तो डोंगर लंडनमधे कुणी भिंतीवर लावून घेत नसावं. पुण्यात बकरी, मद्रासमधे बकरी, आणि सिंगापूरच्या जंगलातही बकरी! जाई पहिल्या दिवसापासून त्यांना विंपूकाका म्हणायला लागली.

मूळ वही पुढे कुणा दलालाने उसवून पानं सुटी केली होती. आता ती चाळीस पानं चाळीस चौकटींत बसून दोन खोल्यांमधे टांगली होती. पहिली खोली भारत, दुसरी सिंगापूर. प्रत्येक गाइडने एक चित्र निवडायचं आणि शनिवारी त्यावर दहा मिनिटं बोलायचं. बकऱ्यांची चित्रं बाकीच्यांनी पटापट पटकावली. जाईने निवडलं ते सगळ्यांत दरिद्री. भारताच्या खोलीतल्या कोपऱ्यातलं ते पान जवळजवळ कोरंच होतं. वरच्या कडेला साहेबाच्या अक्षरात लिहिलेलं, ‘पूना. धोबी. शर्ट सहा, पायजमे दोन, एक मोजा गहाळ.’ आणि खाली कुणीतरी खोडून टाकावा तसा अंधूक, धुरकट एक डोंगर. बाजूच्या पाटीवर ‘अनोळखी डोंगर, बहुधा पश्चिम भारत’.

अनोळखी! आपण ओळखला तर? जाईने फोटो काढला आणि संध्याकाळी बाबाला दाखवला. इथेच चुकलं.

जाईचा बाबा, प्रबोध, सोमवार ते शुक्रवार एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. पण तो नुसता पोटापाण्याचा उद्योग. मनाने तो अजून पुण्याच्या कॉलेजात होता आणि पाठीवर सॅक टाकून राजगड चढत होता. एकूण नऊ वेळा चढला होता. सिंगापूरला येऊन आठ वर्षं झाली, दर रविवारी तो बुकित तिमाहच्या टेकडीवर जायचा आणि दर रविवारी नाक मुरडत परत यायचा. “एकशे त्रेसष्ट मीटर! आमच्याकडे एवढ्याला उंबरठा म्हणतात.”

त्याने फोटो पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “अगं, हा सह्याद्री आहे!”

“प्रबोध, धोब्याची यादी आहे ती,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. जाईची आई शैला हिला डोंगर आवडायचे, पण खिडकीतून.

आईकडे लक्ष देण्याची वेळ टळून गेली होती. फोटो ‘सह्याद्रीचे छावे, सिंगापूर शाखा’ या व्हॉट्सॅप ग्रुपवर पोचला होता. मूळ शाखा कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण शाखा जोरात होती. पाच मिनिटांत पाच किल्ले आले. तोआ पायोहला राहणारे निशिकांतकाका, म्हणजे बाबाचे जिवलग मित्र आणि त्याहून जिवलग शत्रू, यांनी ‘तोरणा. चर्चा संपली.’ असं लिहून पुढे चाळीस मेसेज चर्चा केली. कुणी लोहगड म्हणालं, कुणी हरिश्चंद्रगड. धम्मानंदकाका विद्यापीठात कागद, शाई, धातू असल्या गोष्टींवर संशोधन करायचे. त्यांनी लिहिलं, ‘मला हे काढलेलं चित्र वाटत नाही. डाग वाटतो.’ त्यावर त्यांना कळवण्यात आलं की ते मोठे शास्त्रज्ञ आहेत, पण गड हा काळजाचा विषय आहे.

मग बाबाने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि खुर्चीतून ताडकन उठला. “नेढं! जाई, नेढं!”

डोंगराच्या डाव्या सोंडेवर एक छोटासा गोल पांढरा ठिपका होता. राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, माणूस आत बसेल एवढं, त्याला म्हणतात नेढं. बाबा त्यात बसून नऊ वेळा चिक्की खाऊन आलेला होता. तोरण्याला असं नेढं नाही. निशिकांतकाका ग्रुपवर पहिल्यांदाच दीड तास गप्प बसले. बाबाची छाती अशी फुगली की आईने खिडकी उघडी असल्याची आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी जाईने गॅलरीत ठणकावून सांगितलं, की हा राजगड आहे, शिवाजी महाराजांची पहिली राजधानी, आणि हा घ्या पुरावा. गॅलरीचं कामकाज बघणाऱ्या मिस ओंग हरखून गेल्या. मुख्य क्युरेटर बाई महिनाभर परदेशी होत्या, त्यामुळे हरखायला कुणाची परवानगी लागत नव्हती. वेबसाइटवर झळकलं: ‘शनिवारी अकरा वाजता, पावणेदोनशे वर्षांचं कोडं सोडवणार स्टुडंट गाइड जाई.’ बाबाने ते शाखेला पाठवलं. सत्तावीस जणांनी ‘येणार’ म्हणून कळवलं. कुणीतरी सुचवलं, फेटे बांधून जाऊ या. आता या सूचनेला नाही म्हणेल तो छावा कसला!

गुरुवारी शाळा सुटल्यावर जाई तालमीला गॅलरीत गेली. तालीम झकास झाली. मैत्रिणीला पाठवायला म्हणून ती चौकटीकडे पाठ करून उभी राहिली, फोन समोर धरला, ओठांचा चंबू केला आणि तशीच थांबली. स्क्रीनवर सगळं उलटं दिसत होतं, आरशात दिसतं तसं. धोब्याची यादी उजवीकडून डावीकडे पळत होती. आणि तिच्या कानामागे जो डोंगर दिसत होता तो तिने पाहिला होता. राजगडावर नाही. राजगडावर ती कधी गेलीच नव्हती. शेजारच्या खोलीत.

ओठांचा चंबू तसाच ठेवून ती शेजारच्या खोलीत गेली. तिथे तो होता. ठसठशीत, काळाभोर, पायथ्याशी दोन बकऱ्या. तोच उंचवटा, तीच सोंड, तीच खाच, फक्त डावीकडचं उजवीकडे. पाटीवर लिहिलं होतं, ‘बुकित तिमाह, रस्त्यावरून.’ खाली बारीक अक्षरात, ‘उजव्या बाजूला कसरीने कागद खाऊन पाडलेलं भोक.’

जाईने भोक पाहिलं. गोल, पांढरं, बरोबर उजव्या सोंडेवर.

तिने बाहेर पायरीवर बसून धम्मानंदकाकांना फोन लावला.

“काका, वहीतलं चित्र समोरच्या पानावर उमटतं का?”

“उमटतं की. पेन्सिल म्हणजे काय गं, कागदाला धरून बसलेली धूळ. वही मिटली, वर चार ट्रंका ठेवल्या, बोट हलायला लागली, की समोरच्या पानावर छाप उठते. उलटी. फिकट. का?”

“आणि कसर?”

“कसर एक पान खाऊन थांबत नाही. तिला कुठे सीमा असतात?”

म्हणजे विंपूकाकांनी पुण्यात धोब्याची यादी लिहून पान तसंच सोडलं, काही महिन्यांनी सिंगापुरात समोरच्या पानावर बुकित तिमाह काढला, वही मिटली आणि परतीच्या बोटीत चढले. कसरीने दोन्ही पानांना मिळून एकच भोक पाडलं. दलालाने पानं उसवली, कुणीतरी ‘पूना’ वाचून एक पान भारतात टांगलं. आणि दर रविवारी जिला बाबा उंबरठा म्हणून हिणवायचा, त्या टेकडीच्या डागाला त्याने राजगड म्हणून ओवाळलं.

“काका, ग्रुपवर नका ना सांगू.”

“मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” काका शांतपणे म्हणाले. “माझं कुणी वाचत नाही.”

मिस ओंगना तिने सगळं दाखवलं. त्यांनी दोन्ही खोल्यांच्या मधे चार चकरा मारल्या आणि कपाळाला हात लावला. मग वाक्यांना सिंगापुरी इंग्रजीच्या शेपट्या लावत म्हणाल्या, “पाटीवर आपण ‘बहुधा’ लिहिलंय, व्हॉट. शनिवारी तू फोर्टच म्हण लाह. नंतर आपण गुपचूप पाटी बदलू. कुणाला कळणार?”

खरंच कुणाला कळणार होतं? टाळ्या पडतील, फोटो निघतील, बाबा पुढची दहा वर्षं निशिकांतकाकांना टोमणे मारू शकेल. फक्त जाईला माहीत असणार होतं की आपण सत्तावीस माणसांना किड्याने खाल्लेलं भोक दाखवून मुजरा करायला लावला.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा लिटल इंडियातून आणलेल्या भगव्या कापडाला इस्त्री करत होता. हॉलभर भगवे पट्टे लोंबत होते. आई त्यांच्याखालून वाकून ये-जा करत होती.

“बाबा,” जाई म्हणाली, “समजा, नुसतं समजा हं, तो राजगड नसला तर?”

“नसला म्हणजे?” बाबाने इस्त्री उभी केली. “मग ते नेढं काय उंदराने कुरतडलंय?”

जाईच्या पोटातून हसू आणि रडू एकदमच वर आलं. दोघांची घशात टक्कर झाली आणि बाहेर नुसतीच उचकी आली.

“पाणी पी,” बाबा म्हणाला. “आणि उद्या सावकाश बोल. निशिकांत पहिल्या रांगेत बसणार आहे.”

तिने सांगितलं नाही. न सांगायला दोन कारणं होती. पहिलं चांगलं होतं. आठ वर्षांत बाबाला इतकं खुशीत तिने पाहिलं नव्हतं. शीळ घालत इस्त्री करणारा बाबा म्हणजे धूमकेतूच. दुसरं कारण तिने अंथरुणावर पडून चादर तोंडावर घेतल्यावर स्वतःशी कबूल केलं. बाबाला कळलं तर तो सगळ्यांना ‘येऊ नका’ म्हणून कळवेल, आणि मग उद्या समोर रिकाम्या खुर्च्या असतील.

शनिवारी अकराला दहा कमी असताना गॅलरीच्या दारात बस थांबली आणि सत्तावीस भगवे फेटे उतरले. सुरक्षारक्षकाने पाणी पिता पिता बाटली खाली ठेवली. मिस ओंग कुजबुजल्या, “वेडिंग, आह?” बाबा सगळ्यांत पुढे होता. फेट्याचा तुरा इतका उंच की दारातून वाकून यावं लागलं. शेजारी आई, नेहमीच्या कुर्त्यात, कुणीतरी शुद्धीवर राहिलं पाहिजे अशा चेहऱ्याने.

जाई चौकटीशेजारी उभी राहिली. समोर पहिल्या रांगेत निशिकांतकाका हाताची घडी घालून. त्यांच्या बाजूला बाबा, फोन वर धरून, रेकॉर्डिंग चालू.

“नमस्कार,” ती म्हणाली. “या चित्रात कोणता किल्ला आहे?”

“राजगड!” बाबा ओरडला.

“तोरणा,” निशिकांतकाका खोकल्याच्या आवाजात म्हणाले.

“सगळ्यांनी फोन काढा. चित्राकडे पाठ करा. सेल्फी कॅमेरा लावा, पण फोटो काढू नका, तो सुलटा निघेल, नुसतं स्क्रीनमधे चित्राकडे बघा. दिसलं? आता तसाच फोन धरून माझ्या मागून पलीकडच्या खोलीत चला.”

फेटेवाल्यांची वरात स्वतःच्या तोंडाकडे बघत दारातून निघाली. दोन तुरे एकमेकांत अडकले. धम्मानंदकाका सगळ्यांत मागे होते, फेटा आणि फोन दोन्हींशिवाय.

सिंगापूरच्या खोलीत जाई बुकित तिमाहच्या चित्राशेजारी उभी राहिली. काही बोलली नाही. बोलायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं, आणि तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड अर्धं मिनिट होतं. लोक फोनकडे बघत, चित्राकडे बघत, परत पहिल्या खोलीत पळत जाऊन स्क्रीन बघून येत. मग एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडायला लागलं.

“हे तर...” कुणीतरी म्हणालं.

“बुकित तिमाह,” जाई म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. धोबी, बोट, ट्रंका, पेन्सिलीची धूळ. शेवटी भोक. “हे नेढं दोन मिलिमीटरचं आहे. कसरीने पाडलंय. आणि राजगड म्हणून आधी छातीठोकपणे सांगणारी मीच. तेव्हा हसायचं असेल तर मला हसा.”

कसलं काय! निशिकांतकाका हसले ते थेट बाबाला. भिंतीला हात टेकून हसले, फेटा सुटून गळ्यात येईपर्यंत हसले. “प्रबोध! अरे, नऊ वेळा बसून चिक्की खाल्लीस ना यात? कशी मावली रे तुझी बैठक?” मग सगळी खोली फुटली. मिस ओंगना मराठीचं एक अक्षर कळलं नव्हतं, त्याही हसल्या. टाळ्याही पडल्या, भरपूर, असेंब्लीपेक्षा कितीतरी जास्त. जाईने टाळ्यांमधून बाबाला शोधलं. फोन अजून वर होता, रेकॉर्डिंग चालू होतं, पण फोनमागचा बाबा पांढरा पडला होता. त्याने बटण दाबलं आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

तो अंगणातल्या बाकावर सापडला. फेटा काढून मांडीवर ठेवला होता. जाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“कधी कळलं तुला?” बाबाने विचारलं.

“गुरुवारी.”

“मग काल का नाही सांगितलंस? मी विचारलं तुला उंदराचं. तू उचकी दिलीस.”

“तू शीळ घालत होतास.”

“राजगड नाही याचं काही नाही गं,” बाबा म्हणाला. “पण मला आणि निश्याला एकाच मिनिटाला कळावं? बापाला चोवीस तास आधी तरी कळायला हवं होतं.”

जाईने बुटाने खडी उकरली. शिळेचं कारण खरं होतं, पण अर्धंच. “सांगितलं असतं तर तू सगळ्यांना येऊ दिलं नसतंस.”

“अर्थातच नसतं दिलं!”

“मग माझं ऐकायला कोण आलं असतं?”

बाबाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे तुला प्रेक्षक हवे होते, म्हणून तू बापाला फेटा बांधून बकरा केलंस?”

“हो,” जाई म्हणाली, आणि आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “सॉरी.”

“निर्लज्ज!” बाबा म्हणाला. त्याने मांडीवरचा फेटा सारखा केला. “चांगलं बोललीस पण. मधे गप्प राहिलीस ना, ते फार चांगलं केलंस. मला वाटलं विसरलीस.”

“विसरले नव्हते.”

“ते कळलं नंतर. घाम फुटला मला तोवर.”

तेवढ्यात मिस ओंग धावत आल्या. तोआ पायोहचा निवृत्त मंडळींचा गट आला होता, बारा आजी-आजोबा, बारा वाजताच्या दुसऱ्या गाइडचं पोट बिघडलं होतं, आणि बाहेर हसण्याचा आवाज ऐकून सगळे ‘तेच’ हवं म्हणत होते. जाई परत एकदा करू शकेल का?

जाईने बाबाकडे पाहिलं. बाबाने हाताने ‘जा’ अशी खूण केली.

पण दुसऱ्या वेळी घोडं पहिल्याच वाक्यावर अडलं. “या चित्रात कोणता डोंगर आहे?” तिने विचारलं आणि बारा आजी-आजोबा नम्रपणे गप्प राहिले. कुणी चुकेना. एकाने पाटी वाचून ‘अननोन’ म्हटलं, आणि ते तर बरोबर होतं. कुणी ठासून चुकल्याशिवाय पुढे जायचं कसं? जाईच्या कपाळावर घाम आला. एक आजोबा घड्याळ बघायला लागले.

मागून आवाज आला, खणखणीत. “राजगड!”

बारा माना वळल्या. दारात बाबा उभा होता. फेटा परत डोक्यावर होता, घाईत बांधलेला, एका कानावर आलेला.

“आर यू शुअर, सर?” जाईने विचारलं.

“हंड्रेड परसेंट! नेढं बघा ना, नेढं!” तो आजी-आजोबांमधून वाट काढत पुढे आला, बोट थेट काचेवर टेकवलं. “हिअर! आय हॅव सॅट इन धिस होल. नाइन टाइम्स!”

“वाह!” एक आजी म्हणाली आणि चष्मा लावून पुढे सरकली. तिच्यामागून बाकीचे सरकले. घड्याळवाले आजोबाही सरकले. बाबाला आता कोण आवरणार! तो पद्मावती माचीवर पोचला, तिथून संजीवनी माचीवर गेला, बालेकिल्ल्याच्या पायऱ्या चढायला लागला.

“अंकल,” जाई गोड आवाजात म्हणाली, “प्लीज, फक्त एकच मिनिट हं. आता सगळ्यांनी फोन काढा.”

पहिला फोन अंकलने काढला.